बाईंच्या पियानोचं पाणी

यंदा मार्चमध्ये नळदुर्गच्या बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. त्यावर बाईंचा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत ‘जिल्ह्यातील पहिल्या महिला पियानोवादक’. बाईंना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. फोटो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला, त्यामुळं बाई काहीतरी गुन्हा करून आल्यासारख्या समोर बघत होत्या. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी एकानंही त्यांना कधी बसून ऐकलं नव्हतं. उलट त्यातल्याच एकीनं पूर्वी मला विचारलं होतं, की ती म्हातारी भर दुपारी काय बडवत बसते. मला राग आला, पण त्यांच्यावरचा राग फार वेळ टिकला नाही. रागवायला त्यांच्यापेक्षा जवळचं माणूस होतं, आणि ते मीच होते.

त्या मंडळींना महिलांच्या सत्काराच्या कार्यक्रमात दाखवायला बाईंची एखादी क्लिप हवी होती. ‘तुम्ही त्यांच्या शिष्या, तुमच्याकडं असेलच,’ असं म्हणाले. होती. तीन वर्षं माझ्या जुन्या फोनमध्ये पडून होती आणि मी ती एकदाही उघडली नव्हती. का उघडली नव्हती हे सांगायचं, तर बाईंपासून आणि त्यांच्या पियानोच्या पाण्यापासून सुरुवात करावी लागेल.

बाई मूळच्या तुळजापूरच्या, कारकुनाच्या घरातल्या. सोलापूरला मावशीकडं राहून शिकल्या. तिथल्या शाळेत पियानो शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना आमच्या बाई ‘मोठ्या बाई’ म्हणायच्या. मोठ्या बाई एका नर्सची मुलगी. शाळेच्या प्रार्थनेला आणि चर्चमध्ये त्या वाजवायच्या, पण स्टेजवर एकटीनं बसून पियानो वाजवणारी बाई सोलापुरानं तोवर पाहिली नव्हती. एकदा मुंबईहून कुणी मोठे वादक आले. मोठ्या बाईंनी आठ दिवस खपून हॉलमधला पियानो त्यांच्यासाठी नीट करून घेतला. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांच्या वाट्याला काम आलं ते वादकाशेजारी उभं राहून वहीची पानं उलटायचं.

“पानं मात्र अशी उलटली,” बाई सांगायच्या, “की त्या माणसाला एकदा मान हलवावी लागली नाही.” हे सांगताना त्या हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

बाईंचं स्वतःचं त्याहून विचित्र. वादनाची सगळ्यात वरची परीक्षा असते, ती पास झालं की माणूस नुसता शिकणारा राहत नाही, वादक म्हणवून घेऊ शकतो. तिचे परीक्षक परदेशातून वर्षातून एकदा पुण्याला यायचे. बाईंचं नुकतंच लग्न झालेलं, तरी सासरच्यांनी हो-ना करत परवानगी दिली होती. परीक्षेला चार दिवस राहिले आणि चुलत सासरे गेले. घरात दहा दिवसांचं सुतक. सुतकात नव्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, वाजवायची तर गोष्टच सोडा. परीक्षक पुण्यात दोन दिवस थांबला आणि गेला. पुढच्या वर्षी दुसरं काही आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. मग बाईंनी विचारायचं सोडून दिलं.

यजमान पाटबंधारे खात्यात होते, त्यांची बदली नळदुर्गला झाली आणि बाई इथं आल्या त्या कायमच्याच. त्याच सुमारास सोलापूरच्या शाळेनं पियानोचा वर्ग बंद केला. मोठ्या बाईंनी आपला स्वतःचा उभा पियानो या शिष्येला देऊन टाकला. तो कांद्याच्या ट्रकमधून, पोत्यांच्या मधोमध दोर बांधून आला. पुढं कितीतरी महिने झाकण उघडलं की कांद्याचा वास यायचा म्हणे. मी पाहिला तेव्हा वास गेला होता.

मी नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडं दूध घालायला जायची. आमची शेती, दोन म्हशी. बाई वाजवत असल्या की मी भांडं हातात धरून दारात उभी राहायची आणि दूध तापवायची वेळ टळून जायची. एके दिवशी आई भांडायच्या तयारीनं आली, की पोरगी रोज उशीर का करते. बाई म्हणाल्या, “तिला शिकू द्या माझ्याकडं.” आई जरा गडबडली. “काय शिकायचंय त्यात? आन् आमी देणार काय तुम्हाला?” “दूध घालताच की,” बाई म्हणाल्या. एवढ्यावर माझं शिक्षण सुरू झालं.

बाईंच्या दोन रीती होत्या. त्या दोन्ही मला पहिल्या आठवड्यातच कळल्या.

पहिली पाण्याची. आपल्याकडची हवा कोरडी. लाकूड वाळतं, तडकतं, आणि पियानोची पाठ म्हणजे सगळी लाकडाचीच. म्हणून खालची फळी काढून आत एक पितळी तपेली ठेवायची, अर्धी पाण्यानं भरलेली. ते पाणी हळूहळू हवेत मिसळायचं आणि लाकडाला ओलावा मिळायचा. हिवाळ्यात चार दिवसांनी बघायचं, उन्हाळ्यात रोज. अर्ध्याच्या वर भरायची नाही, आणि लाकडाला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. मोठ्या बाईंनी ही रीत घालून दिली होती. आमच्या आळीत तिच्यावर फार तोंडसुख घेतलं जायचं, कारण उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. आई म्हणायची, “आमी हंड्याहंड्यासाठी भांडायलोत आन् ह्या त्या पेटीला पाणी पाजायल्यात.” बाई स्वतःच्या आंघोळीचं पाणी कमी करायच्या, तपेलीचं नाही.

दुसरी रीत शिकवण्याची. मी चुकले तर बाई कधीच थांबवायच्या नाहीत. तुकडा शेवटपर्यंत वाजवू द्यायच्या. मग दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवून माझ्याकडं बघत बसायच्या. चूक कुठं झाली ते मी सांगायचं. मला माहीत नसेल तर पुन्हा वाजवून शोधायची. त्या रागवायच्या नाहीत, घाईही करायच्या नाहीत. “मी सांगितली तर ती माझी होईल,” त्या म्हणायच्या, “तुझी चूक तुझ्या तोंडानं निघू दे. मग ती जाते.” एकदा मी मुद्दाम गप्प बसले, बघू किती वेळ थांबतात म्हणून. दिवेलागण झाली, त्यांच्या चुलीवरचा भात करपला, पण हात मांडीवरून हलले नाहीत. शेवटी मीच रडवेली होऊन सांगितलं, की डाव्या हाताचं तिसरं बोट.

तीस-बत्तीस वर्षांत त्यांच्याकडं बऱ्याच मुली आल्या. सुट्टीत यायच्या, एखादं सोपं गाणं बसलं की जायच्या. टिकून राहिले ती मी. मला काही फार मोठं वाजवता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, परिपाठाला हार्मोनियम वाजवते. पण बाईंनी ज्यांना शिकवलं त्यांत शेवटपर्यंत जाऊन बसणारी मी एकटी, आणि त्याचा मला लई तोरा होता.

कोरोना ओसरल्यावर एका वर्षी मलाच फोनवर वाचून कळलं, की ती वरची परीक्षा आता घरी बसून देता येते. आपल्याच पियानोवर सगळे तुकडे सलग वाजवायचे, मध्ये न थांबता व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा. तो ठरलेल्या मुदतीत पोचला पाहिजे, एवढंच. मी बाईंना सांगितलं. त्या वेळी त्यांची साठी उलटून बरीच वर्षं झाली होती, यजमान गेलेले, मूलबाळ नव्हतं. त्यांनी आधी पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “म्हणजे आता कुणी गेलं-बिलं तरी अडायचं नाही.” मी हसले. त्या नव्हत्या हसत.

त्या दिवसापासून बाई रोज चार-चार तास बसायला लागल्या. शेवटचा तुकडा त्यांनी असा निवडला होता की सगळा भार डाव्या हातावर, खालच्या जाड सुरांवर. “हे मोठ्या बाईंना स्टेजवर वाजवायचं होतं,” एवढंच म्हणाल्या. मुदत मेअखेरची होती. एप्रिलमध्ये त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला पुतणीकडं जावं लागलं, कारण वहीतल्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. “बाकी काही बघू नकोस, पाणी तेवढं बघ,” म्हणाल्या.

मी पंधरा दिवस नेमानं गेले. रोज सकाळी शाळेच्या आधी. मग परंड्याला माझ्या दिरांच्या मुलीचं लग्न निघालं. निघताना वाटलं शेजारणीला किल्ली द्यावी, पण तिला तपेलीचं कौतुक सांगत बसायचा कंटाळा आला. दोन दिवसांत परत येऊ म्हटलं. हळद, लग्न, पाठवणी, आणि मग कुर्डुवाडीच्या पाहुण्यांना सोडणं, यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत असं ऊन पडलं की परंड्यात मांडवाखालीसुद्धा जीव होरपळत होता. मला तपेली आठवत होती, नाही असं नाही. आठवली की मी दुसरं काहीतरी काम हातात घ्यायची.

परत आल्या आल्या बाईंच्या घरी गेले. तपेली कोरडी ठणठणीत, तळाला पांढरा क्षार. मी वाकून बघत होते तेवढ्यात आतून ‘टक्’ असा आवाज आला. एकदाच. वाळलेलं लाकूड उन्हाळ्यात करतं तसा.

त्याच वेळी बाईंना फोन लावायला हवा होता. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं काय करायचं ते. पण मग चार दिवसांचं सांगावं लागलं असतं. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

मी मग तेच केलं जे आमच्या घरात उन्हाळ्यात रांजणाला करतात. दोन पोती भिजवली, पिळली, एक पियानोच्या पाठीला लावलं आणि एक खालच्या फळीच्या आत, तपेलीच्या मागं खिळ्यांना अडकवलं. गेलेलं पाणी भरून काढायचं होतं मला. सकाळ-संध्याकाळ पोती भिजवत होते. तेव्हा आमच्या नळाला पाणी नसल्याचा नववा दिवस होता, मी डोक्यावरून कळशी नेत होते, आणि आपण बाईंसाठी किती करतोय असं वाटून मला भरूनही येत होतं. असं दहा दिवस चाललं. बाई यायच्या आदल्या दिवशी मी पोती काढली, गच्चीवर वाळत घातली आणि तपेली अर्धी भरून ठेवली.

बाई आल्या त्या काळा चष्मा लावून. चहासुद्धा घेतला नाही, सरळ पियानोवर बसल्या. उजवा हात ठीक चालला. डावा हात खाली गेला तशा पट्ट्या दबल्या त्या दबलेल्याच राहिल्या. बाईंनी एक-एक करून बोटानं उचलल्या, पुन्हा दाबल्या. खालच्या टोकाला सूर नव्हता, नुसता लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज होता.

“पाणी घातलंस ना गं?” त्यांनी विचारलं. वळून न बघता.

“रोज घातलं, बाई.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

पुण्याहून जाणकार माणूस आला. म्हातारा, शांत. फळी काढून टॉर्च मारून बघत बसला. म्हणाला, लाकूड आधी वाळून तडकलं आणि मग ओल खाऊन फुगलं, जाड तारा जिथं टेकतात ती पट्टी सुटली आहे. तारांवर गंजही चढला होता. “इतकी ओल आली कुठून?” त्यानं विचारलं. मी भिंतीकडं बघत होते. बाई म्हणाल्या, “जुना झाला हो. त्याची वेळ झाली.” दुरुस्ती होईल, पण कारखान्यात नेऊन, सहा-सात महिन्यांनी, आणि पूर्वीसारखा वाजेल असं तो सांगू शकत नव्हता.

मी म्हटलं, पुण्याला जाऊन दुसऱ्या पियानोवर वाजवू. बाईंनी मान हलवली. परक्या पियानोवर पंधरा दिवसांत हात बसत नाही, आणि डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं होतं. “पुढच्या वर्षी बघू,” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, त्यांच्या तरुणपणाच्या गोष्टीत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावलं. नवं लुगडं नेसल्या होत्या. “व्हिडिओ लाव,” म्हणाल्या. मी म्हटलं, “अहो पण बाई, सूर—” “लाव म्हटलं ना.”

आमच्या गावातून हायवे जातो. ट्रकचा आवाज दिवसभर असतो, फक्त दुपारी दोननंतर तासभर ड्रायव्हर लोक ढाब्यांवर बाजा टाकून पडतात तेव्हा कमी होतो. आम्ही ती वेळ धरली. मी खुर्चीवर फोन उभा करून बटण दाबलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कारण आळीतली पोरं आणि भाजीवाली यांना गप्प करायला कुणीतरी हवंच होतं. भाजीवाली कोपऱ्यावर दिसताच मी तिला हातानं थांबवलं. “काय झालं, कोण गेलं का?” तिनं हळूच विचारलं. मी नाही म्हटलं.

आतून बाई वाजवत होत्या. उजव्या हाताचे सूर स्वच्छ यायचे. डाव्या हाताच्या जागी ठोके ऐकू यायचे. शेवटच्या तुकड्यात तर बहुतेक ठोकेच होते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं आत कुणी मसाला कुटतंय. मी कान झाकून घेतले, मग लाज वाटली म्हणून काढले.

सगळं थांबलं. थोड्या वेळानं बाईंनी हाक मारली, “ये आत.” मी जाऊन फोन बंद केला. पाठवू का विचारलं. “नको. तुझ्याकडं ठेव,” म्हणाल्या. “ऐकशील कधी.”

त्या वर्षी कार्तिकात बाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पण डावा हात गेला. पियानो दुरुस्तीला न्यायचा विषय मग कुणी काढला नाही.

त्यानंतर सव्वादोन वर्षं मी रोज त्यांच्याकडं जात होते. भाकरी-भाजी न्यायची, केस विंचरून द्यायची. माझी आई म्हणायची, “पोटच्या पोरीनं केलं नसतं तेवढं करायली.” मी लगेच विषय बदलायची. सगळं आवरलं की बाई खुर्चीत बसायच्या, निकामी डावा हात मांडीवर, त्याच्यावर उजवा, आणि माझ्याकडं बघत राहायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या गेलेला हात सांभाळून धरतात. मी काहीबाही बोलत राहायची, शाळेचं, भावाच्या म्हशीचं, आणि उठून यायची. कितीदा ठरवलं होतं आज सांगायचं. दारात चपला घालेपर्यंत ते तोंडात असायचं. माघात एका सकाळी शेजारणीचा फोन आला, आणि सांगायला कुणी उरलं नाही.

तर मार्चमध्ये, फ्लेक्सवाल्यांसाठी, मी ती क्लिप उघडली.

बाई वाजवताना पाठमोऱ्या थोड्या तिरक्या दिसतात. पाठ ताठ. ठोके येतात तिथंसुद्धा बोटं तितक्याच जोरानं आणि त्याच जागी पडतात, सूर आहे असं धरून. मी ते शेवटपर्यंत बघितलं. शेवटचा ठोका झाला तरी व्हिडिओ संपत नाही, कारण बंद करायला मी तिथं नव्हते.

बाई थोडा वेळ तशाच बसतात. मग गुडघ्यावर हात टेकून खाली उतरतात, खालची फळी काढतात, तपेली बाहेर सरकवतात. आत हात घालून खिळ्यापाशी चाचपतात आणि काहीतरी ओढून काढतात. ते उजेडाकडं धरतात. पोत्याची सुतळी. वीतभर लांब, खिळ्याला अडकून राहिलेली. त्या शोधत नव्हत्या. कुठं आहे ते त्यांना माहीत होतं.

सुतळी त्यांनी बोटाला गुंडाळली, पदराच्या टोकाला बांधली आणि ते टोक कमरेला खोचलं. फळी लावली. पुन्हा पियानोपुढं बसल्या, पण या वेळी दाराकडं तोंड करून. दाराबाहेर ओट्यावर मी होते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि दाराकडं बघत राहिल्या. तेव्हा त्यांचा डावा हात चांगला होता.

मग हाक ऐकू येते, “ये आत.” माझा आवाज येतो, मी दिसत नाही.

“छान झालं, बाई,” मी म्हणते. “कुठं चुकलं नाही.”

बाई हात काढत नाहीत. आणखी थोडं थांबतात.

“बरं,” म्हणतात.